काड धुतल्यानंतरच्या पाण्याचा हिशेब

ब्रिटनमधील विद्यापीठांत, प्रयोगशाळांत आणि वीजकेंद्रांत जैवइंधनाच्या ज्वलनावर काम करणाऱ्या मराठी संशोधक व अभियंता बंधुभगिनींस,



सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात नोकरीचा सारा काळ घालवून निवृत्तीनंतर मुलाच्या कुटुंबासमवेत लिंकनशायरमध्ये येऊन राहिलेला मी एक मनुष्य आहे. शेतातील काड, पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या यांचे इंधन करण्यापूर्वी ती पाण्याने धुवावीत की न धुवावीत, आणि धुवावयाची तर त्या पाण्याचे पुढे काय करावे, या प्रश्नाने माझ्या निवृत्तीचा बराच काळ व्यापला आहे. आपले निबंध मी मिळतील तेवढे मिळवून वाचतो. त्यांतील परिश्रम व काटेकोरपणा यांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच त्या निबंधांतून जे वारंवार वगळले जाते त्याविषयीचे असमाधान आपणांपुढे उघडपणे मांडण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो. हे पत्र मराठीत का लिहिले, ते पुढे ओघानेच येईल.

ज्यांचा या विषयाशी परिचय नाही असेही काही वाचक असतील, त्यांच्यासाठी मूळ मुद्दा सांगतो. पिकाच्या अंगातील पोटॅश बहुतांशी पेशींतल्या रसात विरघळलेल्या स्थितीत असते. लाकडाच्या किंवा काडाच्या तंतूशी ते घट्ट बांधलेले नसते. क्लोरीनचेही तसेच. भट्टीत काड पेटले म्हणजे या दोहोंच्या संयोगाने होणारे पोटॅशियम क्लोराइड वाफेच्या रूपाने ज्वाळेबरोबर वर जाते, वाफ अधिक तापविणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांवर थिजून त्यांवर पापुद्रा धरते, आणि त्या पापुद्र्याच्या आडून क्लोरीन लोखंड खात राहते. उरलेले पोटॅश काडातल्या सिलिकाशी मिळून कमी उष्णतेत वितळणारी काच तयार करते, तिचे क्लिंकर, म्हणजे कठीण ढेकळे, भट्टीच्या जाळीवर बसतात, हवेची वाट बुजते आणि बॉयलर थांबवावा लागतो. हे टाळावयाचे म्हणून काडावर चालणाऱ्या बॉयलरची वाफ फार तापवीत नाहीत, आणि वाफ कमी तापली की त्याच काडापासून वीज कमी मिळते. काड आधी पाण्याने धुतले तर हा उपद्रव पुष्कळसा टळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली धुतलेल्या काडाविषयीचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात भाताच्या व गव्हाच्या काडातील ८० टक्क्यांहून अधिक पोटॅशियम व सोडियम आणि ९० टक्क्यांहून अधिक क्लोरीन साध्या पाण्याने निघून जाते, असे दाखविले आहे. त्या गोष्टीला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला.

ज्या देशात आपण आणि मी राहतो तेथे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. केंब्रिजशायरमधील ईलीजवळचे ३८ मेगावॉटचे केंद्र २००० सालापासून वर्षाला सुमारे २ लाख टन काड जाळीत आले आहे; त्यानंतर स्लीफर्ड, ब्रिग आणि स्नेटरटन येथेही तशीच केंद्रे उभी राहिली. १९९३ च्या नियमांनी इंग्लंड-वेल्समध्ये शेतातच काड पेटवून देण्यास बंदी झाली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील शेवटचे दगडी कोळशाचे वीजकेंद्र बंद पडल्यामुळे या देशाच्या विजेच्या दप्तरातून कोळसा कायमचा खारीज झाला. अशा वेळी अटलांटिकपलीकडून जहाजांनी लाकडाच्या गोळ्या आणण्याऐवजी घरच्या शेतातले काड अधिक चांगले कसे जाळता येईल, या प्रश्नाला जे महत्त्व यावयास हवे होते ते आलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याचा काही दोष आपल्या निबंधांकडेही येतो.

धुण्याचे काम येथे पाऊस फुकट करतो, हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. डेन्मार्कच्या जैवइंधन केंद्राने १९९८ साली काढलेल्या पुस्तिकेत पिवळ्या आणि करड्या काडाचा तक्ता दिला आहे: कापणीनंतर लगेच गोळा केलेल्या पिवळ्या काडात क्लोरीन ०.७५ टक्के आणि पोटॅशियम १.१८ टक्के, पावसात भिजून, पुन्हा वाळून करडे पडलेल्या काडात क्लोरीन ०.२० टक्के आणि पोटॅशियम ०.२२ टक्के. या देशातील शेतकऱ्यांस खतांची मात्रा सांगणारी जी अधिकृत मार्गदर्शिका आहे, तीही बजावून सांगते की पीक पक्व झाल्यापासून गाठी बांधेपर्यंत पाऊस अधिक झाला तर काडातील पोटॅश कमी होते. आमच्या गावाबाहेरच्या एका जवाच्या शेतात ऑगस्टमधल्या सततच्या पावसानंतर काडाच्या ओळी मी जवळून पाहिल्या. वरचा थर राखाडी झालेला, बोटांत घेतला तर कडकडून मोडणारा. ओळ उलटली की आतले काड अजून पिवळे, लवचिक, त्याला कापणीच्या वेळचा गोड वास. एकाच ओळीत दोन प्रकारचे इंधन पडलेले होते. त्या शेतकऱ्याला मात्र वरचा करडा थर म्हणजे नुकसान वाटत होते, कारण गुरांच्या बिछायतीला घेणारा गिऱ्हाईक रंग पाहतो. आणि वीजकेंद्राच्या दारात गाठीचा ओलावा तपासतात, हे त्याला ठाऊक होते. भट्टीच्या दृष्टीने तो वरचा थरच अधिक मोलाचा आहे, हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते. मिस्कँथस हे गवत इंधनासाठी घेणारे शेतकरी हिवाळाभर पीक उभे ठेवून वसंताच्या तोंडाशी कापतात, त्यामागे सुकण्याबरोबर पावसाने क्षार धुऊन जाण्याचाही हिशेब असतो. तीच समज गव्हाच्या काडापर्यंत यावयास हवी. म्हणून पहिली विनंती ही की, काडाच्या खरेदीचे करारनामे ज्यांच्या सल्ल्याने लिहिले जातात त्यांत आपणांपैकी जे कोणी असतील, त्यांनी ओलाव्याबरोबर क्लोरीनही मोजण्याची आणि पावसाने धुतलेल्या काडाला त्याप्रमाणे भाव देण्याची शिफारस करावी.

आता माझ्या जुन्या नोकरीकडे वळतो, कारण या विषयातील सर्वांत मोठा पुरावा तेथे आहे, आणि तोच आपल्या निबंधांत मला क्वचित दिसतो.

एका हंगामात बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, कमी पडले म्हणून आमच्या कारखान्याने फडातून पाचटाच्या गाठी आणवून बॉयलरला लावल्या. पहिल्या पाळ्या ठीक गेल्या. त्यानंतर भट्टीच्या जाळीवर हिरवट काळ्या, बुडबुड्यांनी भरलेल्या काचेची ढेकळे जमू लागली; फायरमन मंडळी पहारीने ती फोडीत, आणि फोडलेल्या कडा इतक्या धारदार असत की हातमोजे फाटत. नळ्यांवर पांढुरका थर चढला, काजळी झाडणारा सूट ब्लोअर फिरवूनही तो हलेना, वाफेचा दाब पडू लागला, आणि गव्हाणीशी उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना बॉयलर थंड करावा लागला. बगॅस त्याच उसाचे, पाचटही त्याच उसाचे. मग एक निमूटपणे जळते आणि दुसरे भट्टी बंद पाडते, याचे कारण आम्हांस कोणी सांगू शकले नाही. ज्या अधिकाऱ्यांकडे आम्ही लेखी विचारणा केली त्यांच्याकडून पाचट बंद करावे, एवढाच हुकूम आला.

कारण असे की बगॅस हे धुतलेले इंधन आहे. ऊस गिरणीच्या रुळांतून जाताना पहिल्या टप्प्यानंतर प्रत्येक टप्प्यावर त्यावर पाणी किंवा पातळ रस सोडतात, ज्याला कारखान्यात इंबिबिशन म्हणतात. साखरेचा अखेरचा अंश काढून घेणे हा त्याचा हेतू, परंतु त्या साखरेबरोबर पोटॅश आणि क्लोरीनही रसात उतरतात. गिरणीतून न गेलेल्या पाचटाला हे स्नान घडत नाही. म्हणजे वनस्पतीचे अवशेष पाण्याने धुऊन, पिळून, मग जाळण्याचे काम महाराष्ट्रातला प्रत्येक साखर कारखाना गळीत हंगामात रात्रंदिवस करीत असतो. डेव्हिसच्या संशोधकांनी ही गोष्ट ओळखली होती. आपण मराठी असून, आपणांपैकी काहींचे बालपण अशा कारखान्यांच्या वसाहतींत गेले असूनही, काडाच्या धुण्यावर लिहिताना बगॅसचा हा दाखला मध्यभागी येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तक्रारी मांडतो.

आपल्या पुष्कळ प्रयोगांत काही ग्रॅम दळलेले काड, त्याच्या वीसपट, तीसपट, कधी पन्नासपट ऊर्ध्वपातित पाणी, आणि ढवळण्याचे यंत्र, असा मामला असतो. काडातून जास्तीत जास्त किती क्षार निघू शकतात हे ठरविण्यासाठी ते योग्यच आहे. परंतु ईलीच्या केंद्राने आपले २ लाख टन काड नुसत्या दसपट पाण्यात धुवावयाचे म्हटले तरी वर्षाला २० लाख घनमीटर पाणी लागेल, आणि ईस्ट अँग्लिया हा इंग्लंडचा सर्वांत कोरडा प्रदेश आहे; तेथे बऱ्याच ठिकाणी वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरही होत नाही. कृष्णाकाठी कालव्याचे पाणी पाळीने मिळते, मराठवाड्यात तेही नाही. अशा ठिकाणी पन्नासपट पाण्याचा निष्कर्ष घेऊन कोणी व्यवस्थापक काय करणार? सुश्रुतसंहितेतील क्षारपाकविधीत वनस्पतीची राख सहापट पाण्यात कालवून एकवीस वेळा गाळावयास सांगितले आहे; थोडे पाणी पुन्हा पुन्हा वापरून क्षार काढण्याचा विचार आमच्या वैद्यांनी त्या काळी केला होता. आणि जवाच्या राखेपासून काढलेला यवक्षार ज्या समाजाच्या औषधांत इतकी शतके चालत आला, त्या समाजाला जवाच्या काडात पोटॅश असते आणि ते पाण्यात विरघळते, हे नव्याने पटवावे लागत नाही. उलट प्रवाहाने धुण्याची यंत्रे, म्हणजे स्वच्छ पाणी शेवटच्या टप्प्यावर घालून तेच पाणी उत्तरोत्तर अधिक खारट काडाकडे नेणारी यंत्रे, बरी सेंट एडमंड्स व विसिंग्टन येथील बीटसाखरेच्या कारखान्यांत आपल्या दाराशीच फिरत आहेत. माझे मागणे एवढेच की, प्रत्येक निबंधात एक तरी प्रयोग तिप्पट-चौपट पाण्याचा, न दळलेल्या काडाचा आणि नळाच्या किंवा नदीच्या पाण्याचा असावा.

याहून मोठी तक्रार काड धुतल्यानंतरच्या पाण्याविषयी आहे, आणि या पत्राचे मुख्य प्रयोजनही तेच आहे. काड धुतल्यावर त्यातून इतके टक्के पोटॅशियम गेले, इतके क्लोरीन गेले, राख वितळण्याचे तापमान इतके चढले, असे तक्ते मी वाचतो. गेले ते कोठे गेले, याचा तक्ता बहुधा नसतो. काड पाण्यात टाकून थोडा वेळ ठेवले की ते पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस होते, कारण क्षारांबरोबर विरघळणारी साखर, रंगद्रव्ये व इतर सेंद्रिय द्रव्येही उतरतात, आणि काडाचे कोरडे वजनही काही टक्के घटते. असे पाणी नदीत सोडले तर ते नदीतला प्राणवायू खाईल; इंग्लंडात त्याला पर्यावरण खात्याचा परवाना लागेल, आणि तो मागावयास कोणी धजणार नाही. म्हणून कारखानदाराच्या मनात धुणे म्हणजे सांडपाण्याची आणखी एक कटकट अशी नोंद होते, आणि प्रकरण तेथेच मिटते.

आता त्याच पाण्याचा जमेच्या बाजूने विचार करावा. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणे हिवाळी गव्हाच्या एक टन काडात खताच्या भाषेत सुमारे साडेनऊ किलो पोटॅश असते. २ लाख टन काडात ते १,९०० टन होते, म्हणजे ६० टक्क्यांच्या म्युरिएट ऑफ पोटॅशच्या सुमारे ३,२०० टनांएवढे. हा आकडा एकट्या ईलीच्या केंद्राचा. यॉर्कशायरच्या बोलबी खाणीतून निघणारे म्युरिएट २०१८ साली बंद झाले, आणि तेव्हापासून हा देश ते बाहेरून आणतो. भारताला तर लागणारे सारे म्युरिएट परदेशांतून आणावे लागते. आणि म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे तरी काय? पोटॅशियम क्लोराइडच. सुपरहीटरच्या नळ्या खाणारा आणि शेतकरी पोत्याने विकत घेणारा पदार्थ एकच आहे. राखेतूनही पोटॅश शेताकडे परत नेता येते व नेले जाते, हे मी विसरलेलो नाही. परंतु चिमणीकडे उडणाऱ्या बारीक राखेत कॅडमियमसारखे जड धातूही गोळा होतात, आणि भट्टीच्या काचेत अडकलेले पोटॅश पिकाला सहजी मिळत नाही. भट्टीत जाण्यापूर्वीच जे पाण्यात उतरले, ते बॉयलरलाही वाचविते आणि शेतालाही लागू पडते.

साखर कारखान्यात हे घडलेले आहे. बगॅसमधून धुऊन निघालेले पोटॅश रसात जाते, रसातून मळीत, मळीतून आसवनीच्या स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्यात. तो स्पेंटवॉश विशेष बॉयलरमध्ये जाळून त्याच्या राखेपासून केलेल्या पोटॅश खताला, साडेचौदा टक्क्यांचे प्रमाण धरून, भारत सरकारने २०२१ मध्ये अनुदानाच्या यादीत घेतले. म्हणजे धुण्याच्या पाण्यातील क्षारांची जमा बाजू मांडण्याची रीत आमच्याकडे सरकारदरबारी मंजूर झालेली आहे. आपण आपल्या निबंधांत तोच ताळेबंद काडासाठी मांडावा.

येथे एक इशारा देणेही माझे कर्तव्य आहे, कारण मी ज्या भागातून आलो तेथे क्षारांचा दुसरा चेहरा लोकांनी पाहिलेला आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी, शिरोळ तालुक्यात आणि आमच्या जिल्ह्यातील मिरज-वाळव्याकडे, अतिपाण्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली. पांढरी खपली धरलेली ती रानं, ज्यांत एके काळी उसाचा फड उभा असे, मी कितीदा पाहिली आहेत. शिवाय सांगली-तासगावचे द्राक्ष बागायतदार क्लोरीनच्या भयाने म्युरिएट बागेत घालीत नाहीत, महाग पडले तरी सल्फेट ऑफ पोटॅशच घेतात. तेव्हा धुण्याचे पाणी कोठल्या जमिनीवर, कोठल्या पिकाला, हेक्टरी किती, आणि कोठे मुळीच नाही, हे ठरविल्याखेरीज ‘खत म्हणून वापरावे’ असे एक वाक्य निबंधाच्या शेवटी लिहून मोकळे होणे हे शेतकऱ्याच्या जमिनीशी खेळण्यासारखे आहे. आपल्या विद्यापीठांत मृदाशास्त्राचा विभाग बहुधा शेजारच्याच इमारतीत असतो. हार्पेंडेनच्या रोथमस्टेडला तर १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू आहेत. ज्वलनाच्या प्रकल्पात एक मृदाशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून सामील करून घ्यावा, ही माझी दुसरी आणि आग्रहाची विनंती.

वाळविण्याच्या खर्चाचा आक्षेप मी अनेक निबंधांच्या उपसंहारात वाचला आहे: धुणे गुणकारी खरे, परंतु ओले काड सुकविण्यास इतकी उष्णता लागते की व्यवहार परवडत नाही. या वाक्याजवळ मी दर वेळी थबकतो. गिरणीतून निघणाऱ्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते, आणि ते तसेच, काही न सुकविता, जगभरच्या साखर कारखान्यांत जळत आले आहे. धुतलेले काड रुळांखाली पिळून त्याच ओलाव्यावर आणले, तर एक टन कोरड्या काडामागे एक टन पाणी राहते. ते वाफेत घालविण्यास सुमारे अडीच गिगाज्यूल उष्णता लागते, आणि त्या काडात सुमारे सतरा गिगाज्यूल असते. सातव्या हिश्श्याचा हा तोटा लहान नाही. परंतु चिमणीतून जाणाऱ्या वायूच्या उष्णतेतून त्याचा किती भाग भरून काढता येईल, वाफ अधिक तापविता आल्याने किती वीज वाढेल, नळ्या बदलण्याचा व बॉयलर बंद राहण्याचा किती खर्च वाचेल, हे दुसऱ्या पारड्यात घातल्याखेरीज निकाल देणे उचित नाही. महाराष्ट्रात तर डिसेंबर ते मे ऊन फुकट आहे. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली धुण्याच्या उपायाचा परामर्श घेणारा विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, त्यात नळ्यांवर बसणारे थर आणि धूर या दोन्ही उपद्रवांचा विचार होता. त्या व्यापक दृष्टीने पुढे जाऊन कोणी तरी एका चालत्या बॉयलरवर पूर्ण हंगामाचा जमाखर्च मांडावा, अशी माझी अपेक्षा आहे.

बायोचारविषयी थोडेच लिहितो. काड हवेशिवाय तापवून कोळसा केला की वजन तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरते, क्लोरीनचा मोठा भाग निघून जातो, पोटॅश मात्र बहुतेक सारे मागेच राहते, आणि कोळशात ते तिपटीच्या आसपास दाट होते. डेन्मार्कमधील जेन्सन आदींनी २००१ साली, आधी काडाचा कोळसा करून मग तो कोळसा धुवावा, अशी रीत मांडली. ओल्या काडापेक्षा कोळसा हाताळण्यास बरा. एडिंबरो विद्यापीठाच्या बायोचार केंद्रात आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली चाललेल्या प्रयोगांत बायोचार मातीत घालण्यावर भर राहिला आहे, आणि तेथे तो धुण्याची गरज नाही. मातीला ते पोटॅश हवेच आहे. इंधनासाठी कोळसा करावयाचा असेल तेव्हाच धुण्याचा प्रश्न येतो. दोन्ही हेतू एकाच निबंधात एकाच ‘गुणवत्ता’ या शब्दाखाली बसविले जातात, ते कृपा करून वेगळे करावेत.

या संदर्भात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे स्मरण होते. डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या स्वयंपाकासाठी तयार केल्या, आणि त्या कामासाठी तिला २००२ साली येथल्या ॲश्डेन पुरस्काराने गौरविण्यात आले. पाचटाच्या त्या कोळशातले पोटॅश धुऊन काढले तर कांडी पेटावयास जड जाते काय, कारण पोटॅश ज्वलनाला साहाय्य करते; आणि धुतल्याने चुलीतून उडणाऱ्या क्षारांच्या सूक्ष्म कणांत किती घट होते, कारण तो धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो: या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याची साधने आपल्या प्रयोगशाळांत आहेत. पाचटाची एक गोणी सांगलीहून मागवून घ्यावी.

आता भाषेकडे येतो. हे सारे ज्ञान इंग्रजीत, त्यातही पुष्कळसे सशुल्क नियतकालिकांत बंद आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारताच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशाबरोबर शेतातील अवशेष जाळणे बंधनकारक केले; विदर्भात तुराट्या-पऱ्हाट्यांचा ‘पांढरा कोळसा’ करणारे लघुउद्योजक आहेत; साखर कारखान्यांना वीज विकण्यासाठी हंगामाबाहेर इंधन हवे असल्याने पाचटाकडे त्यांची दृष्टी पुन्हा वळली आहे. हेक्टरी आठ-दहा टन निघणारे हे पाचट शेतातच कुजवून जमिनीला देणे मला अधिक पसंत आहे, आणि तसे मी नोकरीत असतानाही सांगत असे. परंतु जे जाळले जाणारच आहे ते तरी जाणतेपणाने जाळावे. त्या फायरमनला, त्या बॉयलर अटेंडंटला, त्या पांढऱ्या कोळशाच्या कारखानदाराला पोटॅश, क्लोरीन आणि क्लिंकर यांचा संबंध मराठीत समजावून सांगणारी चार पाने मला आजपर्यंत मिळालेली नाहीत. आमच्या बॉयलरमध्ये काच साचत होती त्याच्या बऱ्याच आधी डेन्मार्कात काड धुण्याचे प्रयोग होऊन गेले होते; आम्हांस ते कळण्याचा मार्ग नव्हता. आज आपण आहात. आपणांपैकी अनेकांची शिक्षणे महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांत, शेतकऱ्यांच्या करातून झाली आहेत, याची आठवण मी कठोरपणाने देत नाही, परंतु देतो.

सबब माझी विनंती अशी. आपल्या पुढच्या प्रत्येक निबंधात धुण्याच्या पाण्याचा एक तक्ता असावा: किती पाणी लागले, ते कितीदा फिरविले, त्यात पोटॅश, क्लोरीन व सेंद्रिय द्रव्य किती उतरले, आणि ते कोठे सोडले किंवा कोठे घातले. त्या निबंधाचा मराठी सारांश मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेकडे, कृषी खात्याच्या ‘शेतकरी’ मासिकाकडे आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे पाठवावा. १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात या विषयावर आपणांपैकी कोणी एक संध्याकाळ बोलावे. मी लिंकनशायरहून येईन, आणि पाचटाच्या क्लिंकरचा जो तुकडा मी येताना सोबत आणला आहे तो पाहावयास ठेवीन. ज्यांना आपल्या प्रयोगासाठी पाचट, तुराट्या किंवा कारखान्यातील बगॅस हवे असेल त्यांनी कळवावे. माझे जुने सहकारी अद्याप त्या परिसरात आहेत, आणि नमुने वेळेवर पोहोचतील अशी तजवीज मी करीन.

उत्तराची वाट पाहत आहे. 

आपला नम्र,
एक निवृत्त बॉयलर अभियंता
लिंकनशायर, इंग्लंड